पाठीशी घालणे आणि पाठीशी उभे राहणे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी कंत्राटी कामगारांविषयी किंवा किमान वेतनाविषयी बोलावे. मी त्यांना म्हणालो की, त्या विषयांवर मी रोज गेटवर बोलतो आणि ऐकणाऱ्यांना माझी वाक्ये पाठ झाली आहेत. ज्या विषयावर बोलायचे मी वीस वर्षे टाळले, त्यावर मला एकदा बोलू द्या. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग 'बोला' म्हणाले. त्यांच्या या धाडसाबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

विषय असा आहे. एखाद्या पुरुषाने कामावरच्या स्त्रीच्या अंगावर हात टाकला, किंवा घरात बायकोला मारले, तर त्या पुरुषाचे आपण काय करायचे? आपण म्हणजे सरकार नव्हे, कोर्ट नव्हे. आपण म्हणजे त्याचे मित्र, त्याच्या खात्यातले सोबती, त्याचे शेजारी आणि भाऊबंद. स्त्रियांच्या संरक्षणाविषयी अनेक जाणत्या भगिनी बोलतात आणि त्या माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतात. मी आयुष्यभर पुरुषांच्या घोळक्यात वावरलेला माणूस आहे. त्या घोळक्यात काय चालते ते मला ठाऊक आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर मी येथे उभा आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील संपात होते, त्या वर्षी माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे मामांबरोबर या बाजूला आलो, लेथवर हेल्पर म्हणून लागलो. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटातले. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. मी तुम्हांला एक हकीकत सांगणार आहे. तिच्यात मी आरोपी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

साल २००३. एका कारखान्यात आमची युनियन होती आणि मी तिचा सरचिटणीस होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, आणि माणसांचीही नावे सांगत नाही. त्यांतली काही माणसे अजून आहेत आणि त्यांना शांतपणे जगण्याचा हक्क आहे. आमचा एक सभासद होता. मशीनवर हुशार, संपात पुढे, वर्गणीत कधी मागे नाही. एकदा गेटवर पोलिसांनी लाठी उगारली तेव्हा माझ्या डोक्यावरचा फटका त्याने आपल्या खांद्यावर घेतला होता. त्या माणसाविरुद्ध कंत्राटदाराकडे झाडलोटीला असलेल्या एका बाईने तक्रार दिली. स्टोअरच्या मागच्या बोळात त्याने तिला धरले, असे तिचे म्हणणे होते. तिला लिहिता येत नव्हते. आठ दिवसांनी कंत्राटदाराच्या कारकुनाने तिची तक्रार कागदावर उतरवली.

चौकशी लागली आणि मी त्याचा बचाव प्रतिनिधी झालो. आरोप झालेल्या कामगाराचा बचाव करणे हे युनियनचे कामच आहे. मी आजही ते करतो आणि पुढेही करीन. पण मी काय केले ते ऐका. तक्रारीतली तारीख मी कॅलेंडरवर पाहिली. ती साप्ताहिक सुट्टीची निघाली. त्या दिवशी खाते बंद होते. मी मस्टर मागवले, चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवले आणि त्या बाईला विचारले, "बंद कारखान्यात त्याने तुला धरले कसे?" ती म्हणाली, "तारीख मला काय ठाऊक साहेब, पगाराच्या आधी झालं." मी तोच प्रश्न तिला तीन वेळा विचारला. तिसऱ्या वेळी तिने उत्तर दिले नाही. आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. संध्याकाळी गेटवर गुलाल उधळला गेला आणि मला हार घातला. दुसऱ्या दिवसापासून ती बाई कामावर दिसली नाही. कंत्राटदाराने तिला तोंडी सांगितले होते, "उद्यापासून येऊ नको." कंत्राटी कामगार बेकायदा काढला की उपोषणाला बसणारा मी, त्या दिवशी मला ते दिसलेसुद्धा नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, त्या तीन आठवड्यांत मी माझ्या मित्राला एक प्रश्न विचारला नाही. "तू हे केलेस का?" मी तो विचारला नाही, कारण उत्तर काय येईल ते मला ठाऊक होते.

मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. एक, पाठीशी घालणे. दुसरा, पाठीशी उभे राहणे. ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे गोत्र निराळे आहे. पाठीशी घातलेला माणूस आपल्या आड लपतो. त्याला कोणाला तोंड दाखवावे लागत नाही. ज्याच्या पाठीशी आपण उभे राहतो, त्याचे तोंड मात्र पुढेच असते. जे काही केले असेल त्याला त्याने सामोरे जायचे असते आणि आपण मागे असतो ते तो पळून जाऊ नये, कोसळूनही जाऊ नये म्हणून. २००३ साली मी पहिली गोष्ट केली आणि तिला एकजूट असे नाव दिले.

आपल्या समाजाला अशा प्रसंगी दोन जुन्या रीती ठाऊक आहेत. पहिली, मिटवून टाकणे. चार वडीलधारे बसतात, मुलीच्या बापाला काही रक्कम देतात, किंवा ज्याने अत्याचार केला त्याच्याशीच तिचे लग्न लावतात, आणि गावची अब्रू राखली म्हणून समाधानाने उठतात. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीचा विचारसुद्धा करता येणार नाही. दुसरी रीत, वाळीत टाकणे. त्याचा हुक्कापाणी बंद, त्याच्या घरादाराचा बंद, त्याच्या बायकोचा आणि निरपराध पोरांचाही बंद. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, कारण त्या शस्त्राने गोरगरिबांचे आणि स्वतःच्या पसंतीने लग्न करणाऱ्यांचेच गळे अधिक कापले गेले. या दोन रीती एकमेकींच्या उलट दिसतात. पण नीट पाहा, दोन्हींत त्या पुरुषाला जाब द्यावा लागत नाही. पहिलीत त्याच्या वतीने पैसे बोलतात. दुसरीत तो गाव सोडतो आणि जेथे त्याला कोणी ओळखत नाही अशा गावी जाऊन तेच करतो.

या गोष्टीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्या घराने किती जीव वाचवले असतील! पण मी जेव्हा जेव्हा ते वाचतो, तेव्हा माझ्या मनात येते की या बायांना या अवस्थेत आणणारे पुरुष कोठे होते? ते आपापल्या वाड्यात होते, कथाकीर्तनाला जात होते. त्यांना कोणी हाक मारली नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, बाईला आसरा देणारी घरे थोडीफार वाढली, पण त्या पुरुषाला हाक मारणारा माणूस अजून विरळाच.

कायदा मात्र पुढे सरकला, आणि तो एका खेड्यातल्या बाईमुळे सरकला. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करीत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. परंतु त्या प्रकरणातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली 'विशाखा' निकाल आला. कामाच्या जागी लैंगिक छळ होऊ न देणे ही मालकाची जबाबदारी ठरली. पुढे २०१३ साली संसदेने त्याचा कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षपदी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक बाहेरचा सभासद. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. कंत्राटी बाई आणि घरकाम करणारी बाईही त्या कायद्यात आली. आणि ज्या बाईला लिहिता येत नाही, तिला तक्रार लिहायला मदत करणे समितीवर बंधनकारक झाले. ते कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती साप्ताहिक सुट्टीची तारीख आठवली आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

त्या कायद्याच्या नियमांत शिक्षांची यादी आहे. लेखी माफी, ताकीद, बढती रोखणे, पगारवाढ रोखणे, कामावरून काढणे, आणि त्याच यादीत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या आमच्या गेटवर कोणी वाचत नाही: समुपदेशन आणि समाजसेवा. पीडित स्त्रीला द्यायची रक्कम त्याच्या पगारातून कापण्याची तरतूदही आहे. पगारातली कपात म्हटली की माझे रक्त तापते. तो आमच्या धंद्याचा गुण आहे. पण ही एक कपात मला न्याय्य वाटते. चौकशीच्या आधी समेट करायचा असेल तर तो फक्त त्या स्त्रीने मागितला तरच, आणि पैशाच्या आधारावर कधीही नाही, असेही कायदा सांगतो. म्हणजे मिटवून टाकण्याचे दार कायद्याने बंद केले आणि माणसाने बदलण्याची एक खिडकी उघडी ठेवली. पण खिडकी उघडी ठेवली म्हणून कोणी आपण होऊन आत येत नाही. त्याचे बोट धरून आणावे लागते. ते कोणी करायचे?

याचे उत्तर मला २००७ च्या उन्हाळ्यात मिळाले. त्याच मित्राची बायको युनियनच्या कचेरीत आली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. मी तिला बसायला सांगितले, ती उभीच राहिली. म्हणाली, "भाऊ, मी कोर्टात जाणारच आहे. त्याला माझी ना नाही ना तुमची. पण तो घरी कोणाचं ऐकत नाही. बापाचं ऐकत नाही, माझ्या भावांचं ऐकत नाही. तुमचं एकट्याचं ऐकतो. तुम्ही इतकी वर्षं त्याला काहीच कसं बोलला नाहीत?"

मित्रहो, कामगार न्यायालयात मोठमोठ्या वकिलांनी माझी उलटतपासणी घेतली आहे. या प्रश्नाइतका मी कधी निरुत्तर झालो नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, तो २००६ च्या ऑक्टोबरात अमलात आला होता. तिने संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज केला, दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आदेश मिळवला आणि ती मुलांना घेऊन माहेरी गेली. पगारातला ठरलेला भाग दरमहा तिच्या खात्यावर जाईल हे आम्ही पाहिले. हे आधी झाले, आणि ते आधीच व्हायला हवे. त्यानंतर आम्ही पाच जणांनी ठरवले की दर गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, त्याच्याबरोबर बसायचे. आम्हांला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या गुरुवारी तो रडला. आम्ही विरघळलो, त्याच्या पाठीवर हात फिरवला, चहा मागवला आणि सुधारणा झाली असे समजून घरी गेलो. दुसऱ्या गुरुवारीही तो रडला. तेव्हा आमच्यातला एक म्हातारा फिटर म्हणाला, "आपण पाचही पुरुष आहोत, आपल्याच्याने हे व्हायचे नाही." मग आम्ही कामगार विमा दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टरांना विनंती केली. त्या आल्या, त्याचे रडणे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर सांग, तिचा हात कोणत्या ठिकाणी मोडला? एक्स-रे पाहिलास का?" त्याने तो पाहिला नव्हता. त्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली.

आमच्याही चुका झाल्या. सहा महिने त्याने दारू सोडली, तेव्हा आम्ही आनंदाने त्याच्या सासुरवाडीला गेलो आणि बायकोला म्हणालो, "आता तो बदलला आहे, तू परत ये." ती म्हणाली, "भाऊ, तो बदलला असेल तर चांगलंच आहे. पण तो बदलला म्हणून मी कशाला परत यायचं?" आम्ही खाली मान घालून एस.टी.त बसलो. तो सुधारला याचे बक्षीस म्हणून तिला परत मागायला आम्ही गेलो होतो. ती परत आली नाही. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे आणि त्याचे श्रेय आमच्यापैकी कोणाचेही नाही.

वर्षभराने एका गुरुवारी तो आपणहून म्हणाला, "भाऊ, ती झाडलोटीवाली बाई खरं बोलत होती." मी म्हणालो, "मला माहीत होतं." खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्याला माफी मागायला जायचे होते. सिस्टर म्हणाल्या, "तिला तुझं तोंड पाहायचं आहे का, हे आधी विचारायला नको?" त्यांनी तिचा पत्ता काढला आणि त्या एकट्या जाऊन आल्या. तिला त्याचे तोंड पाहायचे नव्हते, माझेही नव्हते. पैसे पाठवू का असे विचारले, तर नको म्हणाली. तिने एकच गोष्ट मागितली. वस्तीत सगळे तिला खोटारडी म्हणत होते. तेव्हा ती खोटे बोलली नव्हती असे कागदावर लिहून द्या. तो घाबरला. म्हणाला, "हा कागद घेऊन ती पोलिसांत गेली तर?" मी म्हणालो, "गेली तर जायचं. मी तुझ्याबरोबर ठाण्यावर येईन. तिला अडवायला मात्र येणार नाही." त्याने लिहून दिले. खाली मीही लिहिले की, तारखेच्या घोळाचा फायदा मी जाणूनबुजून घेतला. दोघांनी सह्या केल्या. ती पोलिसांत गेली नाही. गेली असती तर तो तिचा हक्क होता.

हे सारे आम्ही अंधारात चाचपडत केले. बऱ्याच वर्षांनी मला वाचनात असे आढळले की याच कामाची शिस्तशीर पद्धत दूरदेशी उभी राहिली आहे. कॅनडात हॅमिल्टन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. १९९४ साली तेथे लहान मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. शिक्षा पूर्ण झाल्यामुळे त्याच्यावर देखरेख ठेवायला कायद्याने कोणी नव्हते. गावात संतापाची लाट उसळली, पोलीस त्याच्या मागावर राहिले. तेव्हा मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका धर्मगुरूने आपल्या मंडळीतली काही माणसे गोळा केली आणि त्या माणसाभोवती एक कडे केले. त्याला खोली मिळवून द्यायची, दवाखान्यात न्यायचे, बाजाराला सोबत जायचे, आणि रोज विचारायचे, आज कोठे गेला होतास, कोणाशी बोललास, मनात काय आले? पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तो जगला आणि त्याच्याकडून पुन्हा तसा गुन्हा झाला नाही.

त्यातून 'आधार आणि उत्तरदायित्व मंडळे' निघाली. एका मंडळात साधारण चार ते सात प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. त्यांच्याबाहेर मानसोपचारतज्ज्ञ आणि पोलीस यांचे दुसरे कडे असते. लेखी करार असतो. मंडळातले बोलणे बाहेर जात नाही. परंतु कोणाला धोका आहे असे दिसले तर ते लपवायचे नाही, अधिकाऱ्यांना कळवायचे, हे त्या माणसाने आधीच मान्य केलेले असते. दोन सूत्रे आहेत: यापुढे एकही बळी नको, आणि कोणताही माणूस टाकाऊ नाही. मी या दोन सूत्रांचा पुष्कळ विचार केला आहे. दुसरे सूत्र पहिल्याच्या आधी लिहिले तर सगळे बिघडते. आम्ही सासुरवाडीला गेलो तेव्हा नेमकी हीच चूक केली होती.

याचा गुण येतो काय? कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंडळ लाभलेल्या ४४ माणसांची तशाच दुसऱ्या ४४ माणसांशी तुलना केली. सुमारे तीन वर्षांच्या काळात मंडळवाल्यांकडून पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचे प्रमाण ८३ टक्क्यांनी कमी दिसले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ५० जणांना मंडळ दिले, ५० जणांना दिले नाही, आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाचाही वशिला न लावता केली. २०१८ साली निष्कर्ष आला तो जवळपास तसाच, ८८ टक्क्यांचा. आकडे लहान आहेत, त्यांवर इमले बांधू नयेत. पण एक गोष्ट त्यांवरून स्पष्ट होते. ज्याला सगळ्यांनी टाकले, त्याच्यावर नजर ठेवायलाही कोणी उरत नाही.

आपल्याकडेही बी पडलेले आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे बाईला आधार देतात आणि मारणाऱ्या नवऱ्यालाही बोलावून समोर बसवतात. १९९३ साली मुंबईतच काही पुरुषांनी पुरुषांच्या हिंसेविरुद्ध 'मावा' ही संस्था काढली. काम थोडे आहे, पण दिशा तीच आहे.

आता तुमच्या मनातल्या शंका. मला त्या दिसतात, कारण माझ्या सभासदांच्या तोंडून मी त्या ऐकल्या आहेत.

पहिली शंका, अशा माणसाला साथ कसली, त्याला फासावर द्या. तुमचा संताप मला समजतो. पण हिशेब करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. या सभागृहातल्या किती घरांना तो आकडा लागू पडेल याचा विचार करा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांतही दहांतले नऊहून अधिक आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचे असतात. इतके फास कोठून आणणार? आणि ते आणायचे ठरले, तर आपल्याच घरातल्या माणसाविरुद्ध तोंड उघडायला कोणती बाई धजेल? तुरुंग जेथे हवा तेथे हवाच. मी त्याच्या आड येत नाही. पण तुरुंगातून माणूस परत येतो, आणि येतो तो आपल्याच गल्लीत.

दुसरी शंका, तक्रार खोटी असली तर? म्हणून तर चौकशी असते आणि आरोपीला बाजू मांडू देणारा माणूस असतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर २०१३ च्या कायद्यात कारवाई आहे. पण त्याच कलमात असेही लिहिले आहे की, तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. हे वाक्य मला २००३ साली कोणी सांगितले असते तर!

तिसरी शंका भगिनींची, आणि ती सर्वांत खरी. "आमच्यासाठी आसरागृहे अपुरी, समुपदेशक अपुरे, आणि आता तुम्ही त्या पुरुषांच्या सेवेला लागणार?" माझे उत्तर असे की, तिच्यासाठी असलेला एक रुपया, एक खोली किंवा एक तास या कामासाठी घेता कामा नये. हे काम आम्हा पुरुषांचे आहे आणि ते आमच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या खर्चाने व्हायला हवे. ज्या गावात तिच्यासाठी काही नाही, तेथे आधी तिच्यासाठी करा.

आमच्या युनियनने आता काही नियम केले आहेत. आरोप झालेल्या सभासदाचा बचाव करणारा एक, आणि तक्रार करणाऱ्या बाईला, मग ती सभासद असो वा कंत्राटी, साहाय्य करणारी दुसरी व्यक्ती. दोघांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. तिची नोकरी जाता कामा नये, ही जबाबदारी युनियनची. बचावाच्या निकालावर गुलाल नाही. आणि ज्याच्यावर दोष सिद्ध झाला, त्याला शिक्षा झाल्यावर किंवा शिक्षेबरोबरच, त्याच्याबरोबर बसणारे चार जण नेमायचे, त्यांत किमान एक स्त्री, तिची इच्छा असेल तर. सभासदांनी हे सहज मान्य केले असे समजू नका. दोन वार्षिक सभांत ठराव पडला. तिसऱ्या वेळी थोड्या मतांनी मंजूर झाला.

तुम्हांला माझी विनंती लहान आहे. उद्या कामावर जाल तेव्हा समितीच्या सभासदांची नावे भिंतीवर लावली आहेत का ते पाहा. ती दर्शनी जागी लावणे कायद्याने सक्तीचे आहे. तुमच्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंना जिल्ह्याची स्थानिक समिती ठाऊक आहे का ते विचारा. आणि पुरुषांनी आपल्या मनाशी एक यादी करावी: असे कोणते मित्र आहेत, जे फक्त माझेच ऐकतात? त्यांच्यापैकी एखाद्याविषयी काही कानावर आले, तर मी जो प्रश्न विचारला नाही तो तुम्ही विचारा. "तू हे केलेस का?" उत्तर ऐकल्यावर उठून जाऊ नका आणि त्याला आपल्या आड लपवूही नका.

तो माझा मित्र आता सेवानिवृत्त आहे. गुरुवारचे बसणे अजून चालू आहे. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक तरुण येतो, आणि सिस्टर थकल्या असल्या तरी त्याला तोच प्रश्न विचारतात, "एक्स-रे पाहिलास का?" तो अजून पाहिलेला नाही. पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा विचारू.